वीतभर क्लिअरन्स

कपाट घेताना आपण त्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजतो. घरी येऊन खोली मोजतो. आकडे जुळले की दुकानदाराला आगाऊ रक्कम देऊन मोकळे होतो. कपाट येतं. हमाल ते भिंतीला लावतात, तांब्याभर पाणी पितात, ठरल्यापेक्षा दहा रुपये जास्त मागून घेतात आणि जातात. मग घरातलं कोणीतरी हौसेनं दार उघडायला जातं, आणि ते दार पलंगाच्या खुराला लागून अर्ध्यावर थांबतं. कपाट खोलीत मावलेलं असतं हो, त्याचं दार मावलेलं नसतं. आपण उभं कपाट मोजलं होतं, उघडतं कपाट मोजायचं राहून गेलं होतं.

या गोष्टीला आपल्याकडे गॅरेजमधल्या पोऱ्यापासून गिरणीतल्या फिटरपर्यंत सगळे ‘क्लिअरन्स’ म्हणतात. ‘साहेब, क्लिअरन्स मिळत नाही,’ असं मिस्त्रीनं म्हटलं की समजावं, दोन वस्तूंना एकाच वेळी एकाच जागेवर यायचं आहे. घरात याचे परिणाम फार गंभीर नसतात. पलंग चार बोटं सरकवला, की तो खिडकीला लागतो; मग खिडकी न उघडण्याची घराला सवय होते. माणसं अशा घरात पन्नास पन्नास वर्षं सुखानं नांदतात. घराचा मोठा गुण हा की ते एका जागी उभं असतं.

होडीचं तसं नसतं. होडीवर सगळंच हलतं, फिरतं, झुलतं आणि वळतं. त्यातून शिडाची होडी म्हणजे तर एका अरुंद ओट्यावर दहाबारा दारं एकदम उघडझाप करताहेत असा प्रकार. समुद्राशी माझा संबंध भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचपुरता, आणि त्यातही मी मधल्या बाकावर, छपराच्या खांबाला धरून बसणारा उतारू. पण बंदिस्त जागेत राहणाऱ्या माणसांविषयी मला उपजत जिव्हाळा आहे. त्यामुळे शिडाच्या होड्यांचा इतिहास वाचताना वादळं, व्हेलमासे आणि जलपऱ्या बाजूला राहिल्या, आणि माझं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं: ही मंडळी दांड्याला दांडा लागू नये म्हणून काय काय करत आली?

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या गलबतांचंच पाहा. अरबी समुद्रात फिरणाऱ्या या गलबतांचं शीड तिकोनी. ते एका लांबलचक तिरप्या काठीला बांधलेलं असतं, आणि ती काठी डोलकाठीला टांगलेली. वारा एका बाजूनं येतोय तोवर सगळं ठीक. पण वारा दुसऱ्या बाजूला घ्यायचा म्हटलं की ही अजस्र काठी शिडासकट पलीकडे न्यायला हवी, आणि मागच्या बाजूनं नेऊ म्हटलं तर मध्ये डोलकाठी आणि तिचे ताण. जागा नाही! मग आमच्या पूर्वजांनी काय केलं? सगळं बिऱ्हाडच डोलकाठीच्या पुढून नेलं. काठी जवळजवळ उभी करायची, शीड मोकळं सोडायचं, आणि डोलकाठीच्या पुढून ते सगळं लटांबर पलीकडे न्यायचं. हे करायला ढीगभर खलाशी लागत, आणि प्रत्येक वेळी आरडाओरडा, शिव्या आणि देवांची नावं यांचा खच पडत असणार. एका कपाटाचं दार उघडण्यासाठी सोसायटीतले सगळे पुरुष बोलवावेत, तशातली गत. पण माणसं स्वस्त होती आणि वेळ मुबलक होता, तोवर हे चाललं.

गोऱ्या साहेबांच्या शर्यतीच्या होड्यांमध्ये माणसं स्वस्त नव्हती असं नाही, पण वेळ कमी होता. शिडाचे दोर ओढायला त्यांनी विंच आणला. विंच म्हणजे आपल्या विहिरीवरच्या रहाटाचा उभा भाऊ. लोखंडी किंवा पितळी पिंप डेकवर उभं ठोकायचं, त्याला दोराचे वेढे द्यायचे, आणि वरून हँडल खुपसून फिरवायचं. आता ही गोष्ट दुकानात फार देखणी दिसते. पिंप जेमतेम तांब्याएवढं, डेकवर कुठंही बसतं. पण हँडल असतं दहा इंचांचं. दहा इंचांचं हँडल फिरलं की वीस इंचांचं वर्तुळ होतं, आणि त्यात फिरवणाऱ्याच्या मुठी धरल्या की आणखी चार बोटं वाढतात. बोटीच्या कडेला तर कठड्याचे खांब असतात, म्हणजे हँडल पाऊण फेरा मारतं आणि खांबाला लागून थांबतं. खांबाच्या आणि हँडलच्या मध्ये मूठ सापडली तर आणखी लवकर थांबतं. मग विंचखाली लाकडाचा ठोकळा घालून तो उंच करा, किंवा तिरका बसवा, किंवा खांब हलवा; आणि खांब हलवला की तो दुसऱ्याच कशाच्या तरी आड येतो. यावर पुढे रॅचेटची युक्ती निघाली. हँडल पूर्ण न फिरवता पुढेमागे, पुढेमागे करायचं. पाळण्याला झोका दिल्यासारखं.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या नॅथॅनिएल हेरेशॉफ नावाच्या बोटी बांधणाऱ्या माणसानं १९०३ साली या भानगडीतून वेगळीच वाट काढली. त्यानं ‘रिलायन्स’ नावाची शर्यतीची होडी बांधली. तिची शिडं सोळा हजार चौरस फुटांहून जास्त होती. सोळा हजार चौरस फूट! मुंबईत एवढ्या जागेत मध्यमवर्गाचे तीसपस्तीस संसार उभे राहतात. शिडं आणि माणसं मिळून डेकवर इतकी गर्दी झाली की विंच कुठं ठेवायचे हा प्रश्न आला. हेरेशॉफनं विंच सरळ डेकच्या खाली, पोटात नेऊन बसवले. दोर वरून भोकातून खाली जाणार आणि खलाशी खाली अंधारात, वर काय चाललं आहे याचा पत्ता नसताना, हँडल मारत बसणार. सरकारी कचेरीत काम करणाऱ्यांना ही व्यवस्था परिचयाची वाटेल. होडी मात्र जिंकली. आणि एका मोसमापुरती जगून १९१३ साली मोडीत निघाली.

१९३० सालच्या ‘एंटरप्राइज’वर तर याच्या उलट झालं. तिथं शिडाच्या तळाचा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, तो इतका रुंद केला की त्यावरून दोन माणसं शेजारी शेजारी चालत जातील. न्यूयॉर्कमधल्या रुंद रस्त्यावरून त्याला ‘पार्क अव्हेन्यू बूम’ असं नाव पडलं. जागेची टंचाई म्हणून रडणाऱ्या होडीवर फिरायला रस्ता करणं, हा श्रीमंतांचा विनोद आहे. आपण पुढे जाऊ.

पुढे म्हणजे एकट्या माणसाकडे. कारण क्लिअरन्सचा खरा जीवघेणा प्रश्न पन्नास खलाशांच्या होडीवर येत नाही. तिथं काही अडलं तर चार जण धावतात. तो येतो होडीवर एकटाच माणूस असतो तेव्हा.

एकट्या माणसाची मुख्य अडचण समुद्र ही नव्हे. झोप ही आहे. होडीचं सुकाणू कुणीतरी धरावं लागतं. तिघं असले तर पाळ्या लावता येतात. एकटा असला तर त्यानं झोपायचं कधी? जेवण करायचं कधी? (जेवण करायचं म्हणजे आधी रांधायचं, हे लक्षात घ्या.) जोशुआ स्लोकम नावाचा कप्तान १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या होडीतून एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. असं करणारा तो पहिला. त्याच्या होडीचा गुण असा होता, की शिडं नीट लावून सुकाणू बांधून ठेवलं की ती आपली आपण सरळ चालत राही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपर्यंत तो तेवीस दिवस चालत होता, आणि त्या तेवीस दिवसांत सगळे मिळून तीन तासही सुकाणूपाशी बसला नाही, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. उरलेला वेळ पुस्तकं वाचली. त्याआधी एकदा आलुबुखार आणि चीज खाऊन पोट बिघडलेलं असताना त्याला कोलंबसाच्या ताफ्यातल्या ‘पिंटा’ जहाजाचा सुकाण्या आपल्या होडीवर उभा दिसला, आणि रात्रभर त्यानंच होडी हाकली, असंही लिहून ठेवलं आहे. पोट बिघडल्यावर आम्हांला फक्त डॉक्टर दिसतात.

पण प्रत्येक होडी स्प्रेसारखी गुणी नसते, आणि कोलंबसाचे सुकाणेही दर खेपेला येत नाहीत. म्हणून वाऱ्यालाच सुकाणूवर बसवायची कल्पना निघाली. गंमत म्हणजे ती आधी वापरात आली खेळण्यातल्या होड्यांवर. तळ्यात सोडायच्या हातभर लांबीच्या शिडाच्या होड्यांवर १९३० च्या दशकात वाऱ्यानं फिरणारं पातं लावू लागले. पातं वाऱ्याच्या दिशेला धरून राहतं. होडी वाट सोडून वळली की वारा पात्याला बाजूनं लागतो, पातं ढकललं जातं, ते सुकाणूला ढकलतं, आणि होडी पुन्हा वाटेवर येते. वीज नको, तेल नको, पगार नको. १९३६ साली मारँ-मारी या फ्रेंच चित्रकारानं आपल्या छोट्या मोटरबोटीवर असं पातं लावून न्यूयॉर्कहून एकट्यानं अटलांटिक ओलांडला. पुढे १९६० मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर आणि ब्लॉंडी हॅसलर हे दोघे इंग्रज, आणखी तिघांबरोबर, एकेकट्यानं अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत उतरले तेव्हा दोघांच्याही होड्यांच्या मागच्या टोकाला अशी पाती होती. चिचेस्टरनं आपल्या पात्याचं नाव ‘मिरांडा’ ठेवलं होतं, आणि त्याआधी तो लंडनमधल्या बागेतल्या तळ्याकाठी पोरांच्या आणि पेन्शनरांच्या खेळण्यातल्या होड्या बघत उभा राहायचा. तो चाळीस दिवसांत न्यूयॉर्कला पोचला, हॅसलर अठ्ठेचाळीस दिवसांत. हॅसलर त्या अठ्ठेचाळीस दिवसांत जेमतेम तासभर सुकाणूला बसला होता, असं सांगतात.

‘होड्यांच्या मागच्या टोकाला’ हे शब्द कृपा करून ध्यानात ठेवा. सगळं रामायण तिथंच आहे.

आता मुंबईला यायचं. १९६० च्या सुमाराला ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची जहाजं मुंबई ते इराणच्या आखातापर्यंत ये-जा करीत. त्या नोकरीतल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण अधिकाऱ्यानं मुंबईत एक होडी बांधून घेतली. आराखडा विल्यम ॲटकिन या अमेरिकन माणसाचा, १९२० च्या दशकातला. मूळ घाट नॉर्वेच्या किनाऱ्यावर बुडत्यांना वाचवायला जाणाऱ्या होड्यांचा. लाकूड आपलं सागवान. कारागीर आपले. त्यांची हत्यारंही आपलीच: वाकस आणि दोरीनं फिरवायचा सामता. इंग्लंडात त्या वेळी विजेची यंत्रं आली होती, फायबरग्लासच्या होड्या निघू लागल्या होत्या, आणि इथं आमचे सुतार वाकसानं फळ्या तासत होते. हसू नका. याच मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. आमच्या सोसायटीची गच्ची सत्राव्या वर्षी गळायला लागली.

ही नवी होडी डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. आखातातल्या एका वाऱ्याचं अरबी नाव तिला दिलं: ‘सुहैली’. लांबी साडेबत्तीस फूट. रुंदी अकरा फूट. म्हणजे दोन डबलरूमना मिळून जेवढी जागा असते, जवळपास तेवढीच, आणि तीही दोन्हीकडे निमुळती होत गेलेली. कारण नॉर्वेच्या त्या होड्या पुढे तशाच मागेही टोकदार असतात. मागून येणारी लाट दुभंगून जावी म्हणून. सुहैलीला डोलकाठ्याही दोन. पुढे मोठी, मागे लहान. मागच्या लहान डोलकाठीच्या शिडाला अर्थात बूम, आणि तो होडीच्या मागच्या टोकावरून फिरणारा.

१९६५ च्या अखेरीस नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघं तिला घेऊन मुंबईहून निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून, वाटेत काम करून पैसे जमवत, १९६७ मध्ये इंग्लंडला पोचले. केपटाउनहून लंडन हा शेवटचा टप्पा त्यांनी चौऱ्याहत्तर दिवसांत, कुठंही न थांबता केला. तिघं होते. पाळ्या लावल्या. कुणाला काही अडलं नाही.

अडलं १९६८ मध्ये. ‘संडे टाइम्स’ या लंडनच्या वर्तमानपत्रानं शर्यत जाहीर केली: एकट्यानं, कुठंही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा. चिचेस्टर १९६६-६७ मध्ये एकटा फिरून आला होता, पण सिडनीला थांबून. न थांबता कुणीच गेलं नव्हतं. नॉक्स-जॉन्स्टनला नवी, मोठी, पोलादी होडी बांधायची होती. त्यासाठी तो दारोदार हिंडला, पैसे कुणी दिले नाहीत. तेव्हा घरात आहे तिलाच नटवून न्यायचं ठरलं. (मध्यमवर्गीय वाचकांना नायकाविषयी आपुलकी वाटायला लागली असेल, तर ती इथून.) आता एकटा जायचं म्हणजे वाऱ्यावर चालणारं सुकाणू हवं. ते बसतं मागच्या टोकाला. मागच्या टोकावर सुहैलीला आधीच टोकाखेरीज काही नव्हतं. होतं तेवढ्यावर खरं सुकाणू टांगलेलं. आणि त्याच्या डोक्यावरून मागच्या शिडाचा बूम इकडून तिकडे झुलणार! पातं बसवलं तर पहिल्याच झोक्याला बूम त्याला थोबाडणार.

आपण कपाट आणि पलंग यांच्यामध्ये जे करतो ते सगळे मार्ग इथंही होते. बूम कापून आखूड करावा, तर शीड लहान होणार आणि होडीचा तोल बिघडणार. मागची डोलकाठीच काढावी, तर होडीच वेगळी होणार. पातं बुटकं करून बूमच्या खाली घ्यावं, तर तिथं वारा धड लागणार नाही, आणि वारा लागणं एवढाच तर त्या पात्याचा धर्म. उंच करावं, तर शीड आहेच.

नॉक्स-जॉन्स्टननं केलं ते असं: पातं मधून काढलं आणि बाहेर नेलं. होडीच्या दोन्ही बाजूंना, मागच्या डोलकाठीच्या आसपास, लोखंडी नळ्यांच्या चौकटी पाण्यावर बाहेर काढल्या, आणि प्रत्येक चौकटीवर एकेक प्लायवूडचं पातं उभं केलं. उजवीकडे एक, डावीकडे एक. बूम मध्ये खुशाल झुलू दे, त्याची पोच तिथवर नाही. ही पाती मागं टांगलेल्या एका छोट्या जादा सुकाणूला वळवायची. एक पातं पुरलं असतं तिथं दोन झाली, नळ्या आल्या, जोड आले, आणि मुळात अकरा फुटी असलेली होडी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिलेल्या भांडकुदळ बाईसारखी दिसायला लागली. धक्क्याला लावताना शेजाऱ्यांना कोपरं लागणार, ते वेगळंच. पण क्लिअरन्स मिळाला! या सगळ्या खटाटोपाला त्यानं ‘ॲडमिरल’ असं नाव दिलं.

मला ही युक्ती विलक्षण आवडते. ती सुंदर नाही. आपल्याकडे खिडकीबाहेर लोखंडी जाळीचा पिंजरा काढून त्यात तुळस, बादली आणि जुनी सायकल ठेवतात, त्याच घराण्यातली आहे. आत जागा नसेल तर बाहेर काढा. मुंबईत जन्मलेल्या होडीला हा उपाय शोभलाच.

१४ जून १९६८ ला एकोणतीस वर्षांचा हा गृहस्थ फालमथ बंदरातून निघाला. निघण्यापूर्वी त्याला मनोविकारतज्ज्ञाला दाखवण्यात आलं, आणि चिंता वाटावी इतका हा माणूस नॉर्मल आहे असा त्या डॉक्टरनं निर्वाळा दिला. शर्यतीत उतरले एकूण नऊ जण.

ॲडमिरलनं अटलांटिक उतरताना काम केलं. एकटा माणूस झोपू शकला, बाहेर कुणाच्या तरी हातात सुकाणू आहे या भरवशावर. सप्टेंबरच्या सुरुवातीला दक्षिण महासागरात शिरल्यावर मात्र एका रात्री लाटेनं होडीला आडवं केलं. केबिन डेकला जिथं जोडलेली होती तिथं तडे गेले, आणि बाहेर काढलेल्या चौकटींना मार बसला. बाहेर काढलेल्या वस्तूचं हे दुखणं असतंच. पिंजऱ्यातल्या तुळशीला पहिली थप्पड पावसाची. त्यानं केबिन आवळली, ॲडमिरलला पट्ट्या बांधल्या, आणि पुढं निघाला. पिण्याचं पाणी टाकीत नासलं. रेडिओ बंद पडला. आणि ऑस्ट्रेलियापाशी पोचता पोचता ॲडमिरल कायमचा निकामी झाला.

पुढे अजून अर्धी पृथ्वी बाकी होती. न्यूझीलंड, मग तो सगळा रिकामा पॅसिफिक, मग केप हॉर्न, मग सबंध अटलांटिक उभा. सुकाणू धरायला कुणी नाही. त्या क्षणी एखाद्यानं होडी किनाऱ्याला लावली असती तर कुणी नावं ठेवली नसती. दुसरे बरेच जण त्याआधीच परतले होते. पण इथं आमच्या वाकसवाल्यांचं पुण्य कामाला आलं असं मी म्हणतो. सुहैली मुळातच समतोल होडी होती. पुढची शिडं थोडी अशी, मागचं थोडं तसं, सुकाणू दोरानं बांधलेलं, असं जमवलं की ती आपली आपण चालत राही. स्लोकमच्या स्प्रेसारखी. आणि ते जमवण्यात मोठा हात कुणाचा, तर त्या मागच्या छोट्या शिडाचा! म्हणजे ज्या बूममुळे पात्याला जागा मिळेना, त्याच बूमवरचं शीड पातं गेल्यावर सुकाणूचं काम करायला लागलं. बूम कापून प्रश्न सोडवायचा मोह झाला नाही, हे किती बरं झालं.

घर चालवताना आपण नको ती अडगळ म्हणून जे काढायला निघतो, त्यातलं निम्मं आजेसासूबाईंच्या वेळी उपयोगी पडलेलं असतं, असं आमच्या घरात एक मत आहे. मी त्यावर काही बोलत नाही.

१७ जानेवारी १९६९ ला त्यानं केप हॉर्नला वळसा घातला. २२ एप्रिलला, तीनशे बारा दिवसांनी, सुहैली फालमथला परत आली. गंजलेली, रंग उडालेली, पण अखंड. सरासरी वेग ताशी चार सागरी मैल; घाईत नसलेला सायकलवाला याहून लवकर पोचतो. कस्टमचे अधिकारी रीतीप्रमाणे होडीवर चढले आणि रीतीप्रमाणे विचारते झाले, कुठून आलात? तो म्हणाला, फालमथहून. नऊपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच. मोआतेसिए या फ्रेंच माणसाला शर्यतीचाच कंटाळा आला आणि तो दुसऱ्यांदा पृथ्वीला वळसा घालत ताहितीला निघून गेला. डोनल्ड क्रोहर्स्टनं तर खोट्या जागा कळवत कळवत शेवटी समुद्रातच स्वतःला संपवलं. मिळालेले पाच हजार पौंड नॉक्स-जॉन्स्टननं क्रोहर्स्टच्या बायकामुलांसाठी देऊन टाकले.

मुंबईचे आम्ही या सगळ्यापासून दूर होतो. आपल्याकडचा एकटा माणूस पृथ्वीला वळसा घालायला निघाला तो पुढे चाळीस वर्षांनी, आणि त्यालाही कारण एक ॲडमिरलच. हा मात्र प्लायवूडचा नव्हता. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्त होऊन साताऱ्याकडच्या विंचुर्णी या गावी राहत होते, आणि तिथून, समुद्राचा खारा वारासुद्धा पोचणार नाही अशा जागेहून, त्यांनी नौदलाच्या मागं लकडा लावला की भारतीय माणसानं शिडाच्या होडीतून एकट्यानं प्रदक्षिणा केली पाहिजे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. छप्पन्न फुटांची. तीतून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून मे २०१० मध्ये परत आले. वाटेत चार बंदरांना थांबून. पुढे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच होडीतून कुठंही न थांबता फिरून आले. दोंद्यांच्या तयारीच्या काळात त्यांना शिकवणाऱ्यांत खुद्द नॉक्स-जॉन्स्टन होता.

जुन्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये जुन्याच पद्धतीची शर्यत पुन्हा भरली. टॉमी तीत उतरले ते ‘थुरिया’ या होडीतून. तीही गोव्यात, दांडेकरांच्याच हातची, सुहैलीच्या घाटावर बेतलेली. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळानं तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींचा पाठीचा कणा दुखावला. तीन दिवस हलता येत नव्हतं. एका फ्रेंच मासेमारी-गस्तीच्या जहाजानं त्यांना उचललं. माणसानं यानंतर रेवसच्या लाँचमध्येसुद्धा पाय ठेवू नये. हे गृहस्थ पुढच्या शर्यतीत, २०२२ मध्ये, पुन्हा हजर! त्याही खेपेला वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूचं पातं वाटेत मोडलं. टॉमींनी होडीतल्या संडासाचं दार काढलं, करवतीनं कापलं, आणि त्याचं पातं केलं. एकट्या माणसाला त्या दाराचा तसा उपयोग तरी काय? २०२३ च्या एप्रिलमध्ये ते दुसरे आले.

सुहैली अजून आहे. १९९७ मध्ये तिला लंडनजवळ ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली. छान बंदिस्त दालन, तापमान ठरलेलं, दमट हवेचा स्पर्श नाही, हात लावायला मनाई. तीनशे बारा दिवस खाऱ्या पाण्याचा मार खाऊन जिच्या सागवानी अंगाला काही झालं नव्हतं, ती त्या कोरड्या हवेत आकसायला लागली. फळ्या सुकल्या, एकमेकींपासून सरकल्या, आणि मुंबईच्या सुतारांनी घट्ट मिळवलेल्या सांध्यांमध्ये फटी दिसू लागल्या. नॉक्स-जॉन्स्टननं २००२ मध्ये तिला तिथून सोडवून आणली, आणि स्वतःच्या हातांनी पुढची काही वर्षं तिची डागडुजी केली. १४ जून २०१८ ला, बरोबर पन्नास वर्षांनी, एकोणऐंशी वर्षांचा तो म्हातारा तिला घेऊन फालमथ बंदरात फिरला. मागची डोलकाठी जागच्या जागी होती.